त्रेचाळीस नंबरचा दगड

आमच्या चंदीगडच्या मराठी मंडळात हल्ली विश्राम गावंड्यांचं नाव निघालं की लोक आवाज खाली आणतात. कुणी म्हणतं, माणूस फार सरळ. कुणी म्हणतं, एवढंही सरळ असू नये. बोलणारे सगळे दरवर्षी गणपतीत गावंड्यांनी आखून दिलेल्या मांडवात बसून जेवलेले असतात, म्हणून मला जास्तच राग येतो. झालं काय, ते मला माहीत आहे, कारण सुरुवातीला मी तिथं उभी होते आणि शेवटीही होते. तेव्हा एकदा सांगूनच टाकते.

गावंडे मूळचे अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरचे. सव्विसाव्या वर्षी सरकारी मोजणी कार्यालयात चिकटले आणि चंदीगडला आले, ते इथलेच झाले. मी साताऱ्याची. नवऱ्याची, शिशिरची, बँकेची नोकरी सेक्टर सतरात आणि माझी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत. निवृत्तीनंतर गावंड्यांनी सरकारी क्वार्टर सोडलं आणि शहराबाहेर झिरकपूरला आमच्या समोरचा फ्लॅट घेतला. सहावा मजला. घरात भांडी कमी आणि नकाशांच्या गुंडाळ्या जास्त. मूलबाळ नाही. बायको रत्नप्रभा २००९ सालीच गेली.

चालताना पावलं मोजायची खोड त्यांना अजून आहे. गेटपासून दूधवाल्यापर्यंत दोनशे अकरा. आमची अवनी लहान असताना त्यांच्या मागून हिंदीत आकडे मोजत जायची आणि ती चुकली की ते थांबून तिला परत गेटपाशी न्यायचे. एका वर्षी मांडवाचा खांब मंडळाच्या अध्यक्षांच्या खुर्चीसमोर आला. अध्यक्ष म्हणाले, जरा सरकवा. गावंडे म्हणाले, "खांब मोजून लावला आहे बाप्पा, खुर्ची सरकवा." अध्यक्ष अजून त्यांच्याशी नीट बोलत नाहीत.

त्यांच्या नोकरीतला खरा सोबती म्हणजे बलकार सिंग. हुद्द्यानं खलासी, म्हणजे मोजणीच्या वेळी समोर काठी धरून उभा राहणारा माणूस. ऐकायला फालतू काम वाटतं. पण काठी बोटभर कलली तर यंत्रातून वाचलेला आकडा चुकतो आणि आकडा चुकला तर कुणाची तरी जमीन चुकते. बलकार उन्हात, काट्यात, ओढ्याच्या वाळूत काठी अशी धरायचा की गावंडे म्हणायचे, "हा श्वासही माझ्या परवानगीनं घेतो." सव्वीस वर्षं दोघांनी शिवालिकच्या पायथ्याशी राखीव जंगलाची हद्द पायी तुडवली. डबा एकत्र खाल्ला. रत्नप्रभाताईंच्या ठेच्याची बलकारला इतकी चटक लागली होती की त्याची बायको सुरिंदर कौर लटक्या रागानं म्हणायची, हा माणूस आता पंजाबचा राहिला नाही.

गावंड्यांनी बलकारला एकच धडा शिकवला होता. हद्दीचा दगड बोलला की माणसानं गप्प बसायचं. जमीन कुणाची, झाड कुणाचं, यावर लोक कितीही भांडोत, दगड जिथं आहे तिथं हद्द. बलकारनं ते मनावर घेतलं. गुरुद्वाऱ्यात डोकं टेकावं तसा तो जंगलात दगड दिसला की त्याच्यावरचा पाला हातानं झाडायचा.

ज्या वर्षी रत्नप्रभाताई आजारी पडल्या त्या पावसाळ्यात डोंगरातून पाणी फार आलं. त्या आमच्याच इस्पितळात होत्या, तिसऱ्या मजल्यावर. मी त्यांचा रिपोर्ट हातात घेऊन वॉर्डाबाहेर आले तेव्हा गावंडे बाकावर बसले होते आणि बलकार चिखलाच्या बुटांनी समोर उभा होता.

"साबजी, तैंताली नंबर गिर गया. किनारा ही बह गया."

गावंड्यांचं लक्ष माझ्या हातातल्या कागदाकडे होतं. त्याच्याकडे न बघताच ते म्हणाले, "पीछे लेके पक्की जमीन में खड़ा कर दे. बाकी मैं बाद में देखता हूँ."

तैंताली म्हणजे ओढ्याकाठचा त्रेचाळीस नंबरचा हद्दीचा दगड, आणि पीछे म्हणजे डोंगराकडे, जंगलाच्या आत. खचलेल्या काठावर दगड टिकणारच नव्हता, त्यामुळे सल्ला तसा बरोबर होता. गावंड्यांनी आपल्या वहीत नोंदही केली : त्रेचाळीस, तात्पुरता, जागा दुरुस्त करणे बाकी. बलकारनं सिमेंट कालवून दगड पक्क्या जमिनीत रोवला. अकराव्या दिवशी रत्नप्रभाताई गेल्या. गावंडे दोन महिने दर्यापूरला राहिले, परत आले ते अर्धे होऊन, आणि त्या महिन्यातले कपडे, औषधं, कागद, वही, सगळं एका पत्र्याच्या ट्रंकेत घालून त्यांनी वर कुलूप लावलं. ती ट्रंक उघडायची त्यांची छाती झाली नाही. कुणाची झाली असती?

दगड राहिला तिथंच, मूळ जागेपासून चौसष्ट मीटर आत.

आता हे शहर कसं आहे ते इथं राहणाऱ्यालाच कळतं. ताटात थापून सुरीनं कापलेल्या वडीसारखे सेक्टर, आणि ताटाला कड आहे. वडी वाढत नाही, माणसं वाढतात. पैसेवाली माणसं झिरकपूरला आमच्यासारखी एकावर एक रचली जातात, बिनपैशाची डोंगराच्या बाजूला सरकतात. बलकार निवृत्त झाला तेव्हा त्यानं जंगलाच्या खालच्या अंगाला चार मरले जागा घेतली. चार मरले म्हणजे आपल्याकडचं हजार-अकराशे चौरस फूट. जंगलाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत बांधू देणार नाहीत, अशी बोलवा तेव्हाही होती. विकणारा म्हणत होता, काळजी नको. बलकारनं त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. त्यानं जुनी लोखंडी साखळी काढली, त्रेचाळीस नंबरच्या दगडापासून स्वतः मोजलं आणि एकशे बारा मीटरवर पायाची पहिली वीट ठेवली. दुसरा कुणी असता तर तलाठ्याला, वकिलाला, पुढाऱ्याला विचारलं असतं. मोजणी खात्यातला माणूस दगडाला विचारतो.

आणि लोकांनी बलकारला विचारलं. खलासीनं स्वतः मोजलंय म्हटल्यावर रंगारी, ड्रायव्हर, दोन शाळामास्तर, असे करत त्या वळणावर एकतीस घरं उभी राहिली. वास्तूच्या दिवशी गावंडे पेढे घेऊन गेले, मीही गेले होते. गच्चीवरून जंगल दिसत होतं. बलकारनं दाखवलं, "वो देखो साबजी, अपना तैंताली." गवत छातीएवढं होतं, दगड काही दिसला नाही. गावंडे "हो हो" म्हणाले आणि खाली जेवायला आले.

मग आदेश आला. जंगलाच्या हद्दीपासून शंभर मीटरचा पट्टा मोकळा राहील, त्यातली अलीकडची बांधकामं जातील, पट्ट्याबाहेरची नियमित होऊन त्यांना नळ आणि विजेचं मीटर मिळेल. वस्तीत लोकांनी लाडू वाटले. बारा मीटर का होईना, ते बाहेर होते. त्या पट्ट्याची पक्की मोजणी करायला कार्यालयाला माहितगार माणूस हवा होता, कारण त्या वळणाच्या जुन्या नोंदींची कार्यालयातली प्रत पावसाच्या पाण्यानं लगदा झाली होती. नवं यंत्र दगड कुठं आहे ते सांगतं. तो कुठं असायला हवा होता, ते सांगत नाही. गावंड्यांना बोलावणं आलं. बलकारनं फोन करून सांगितलं, "अब तो अपने साबजी ही नापेंगे, पक्का काम."

जुन्या वहीसाठी गावंड्यांनी ट्रंक उघडली.

त्या दुपारी ते माझ्याकडे आले तेव्हा मी डाळ निवडत होते. वही त्यांनी टेबलावर ठेवली आणि बोट ठेवून ती ओळ दाखवली. मला आधी काही कळलं नाही. मग त्यांनी कागदावर रेघ मारून दाखवलं. दगड खऱ्या जागी नेला तर बलकारचं घर हद्दीपासून एकशे बारा नाही, अठ्ठेचाळीस मीटरवर येत होतं. बावन्न मीटर पट्ट्याच्या आत. बाकीची तीसही आत.

"आणखी कुणाला माहीत आहे?" मी विचारलं.

"कोणालेच नाही."

"मग फाडा ते पान."

मी हे म्हणाले. आजही म्हणेन. मला नियमांचं कौतुक नाही असं नाही, माझी अख्खी नोकरी आकड्यांत गेली. पण एका बाजूला दुःखात राहून गेलेली एक ओळ आणि दुसऱ्या बाजूला एकतीस चुली, असं असेल तर मी चुलीच्या बाजूची.

गावंड्यांनी वही मिटून आपल्याकडे ओढली. मग म्हणाले, "मंजुषाताई, हद्द तिथंच राहिली तर बलकारच्या मागची जागाही बांधायला मोकळी होते. तिथं बारा मजली टॉवरचा नकाशा तयार आहे. बिल्डर शंभर मीटरची वाटच पाहून राहिला. आणि ते वळण म्हणजे सांबरांची खाली पाण्यावर यायची वाट आहे. उन्हाळ्यात दुसरी वाट नाही त्यांना."

"सांबरं गेली दुसरीकडे तर?"

"कुठं जातील? वर डोंगर सुकलेला. खाली तुम्ही-आम्ही."

मला ते सांबर आठवलं, जे एकदा वाट चुकून थेट शहरात आलं होतं. लोक मोबाइल घेऊन मागे धावले, ते भेदरून लोखंडी कठड्यावर चढलं आणि पोटात गज घुसून मेलं. गावंडे आणि बलकार तेव्हा योगायोगानं तिथंच होते. बलकारनं आपली पगडी सोडून त्याच्या जखमेवर धरली होती. गावंड्यांनीच मला हे कधीतरी सांगितलं होतं. वाद हरायला लागले की मला चीड येते. मी म्हटलं, "करा काय करायचं ते, पण आधी त्याला सांगा. कागदावरून कळू देऊ नका."

"म्हणूनच आलो," ते म्हणाले. "माझ्यानं एकट्यानं जाववत नाही."

मीच गाडी काढली. बलकारच्या अंगणात पेरूचं झाड होतं, त्याखाली खाट. सुरिंदर कौरनं चहा आणला. गावंड्यांनी कप हातात धरला आणि सगळं सांगितलं, सांबरांच्या वाटेसकट, एकही आकडा न चुकवता. बलकार ऐकत होता तसाच बसून, गुडघ्यावर हात ठेवून.

"साबजी, दगड... पत्थर तो मैंने गाड़ा था," शेवटी तो म्हणाला. सव्वीस वर्षांत त्याच्या हिंदीत असे मराठी शब्द येऊन बसले होते.

"मैंने बोला था, बलकार. और देखने नहीं आया. गलती मेरी है, वो मैं लिखके दूँगा."

"किताब में लिखा है? आपके हाथ का?"

"लिखा है."

बलकारनं मान हलवली. "फिर तो जी, लिखा है."

सुरिंदर कौर मात्र गप्प बसली नाही. कमरेवर हात ठेवून ती गावंड्यांना म्हणाली, "भाईसाब, बीबीजी होतीं तो आप ये न करते." बीबीजी म्हणजे रत्नप्रभाताई. बलकारनं तिला दटावलं. गावंडे म्हणाले, "बोलने दे," आणि गार झालेला चहा पिऊन उठले. गाडीत त्यांनी मला विचारलं, "रत्ना काय म्हणाली असती हो?" मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं.

त्यांनी हात टेकले नाहीत, हेही सांगायला हवं. आपली चूक कबूल करून त्यांनी अर्ज लिहिला : लोकांनी सरकारी दगडावर विश्वास ठेवून घरं बांधली, त्यांना दुसरी जागा द्या. अकरा कचेऱ्या फिरले. ज्या त्या टेबलावर माणसं चांगलीच होती, खुर्ची देत होती, चहा विचारत होती. मला वाटत होतं, कुणीतरी हलकट सापडावा आणि मला त्याच्यावर ओरडता यावं. कुणी सापडला नाही. आठ महिन्यांनी उत्तर आलं, दोन ओळींचं. अर्जदारांबद्दल सहानुभूती आहे, देण्याजोगी जमीन शिल्लक नाही. गावंड्यांनी ते पत्र मला वाचून दाखवलं आणि म्हणाले, "खोटं नाही लिहिलेलं."

मोजणीच्या दिवशी वस्तीतले सगळे रस्त्यावर उभे होते. पोलीसही होते, पण दंगा झाला नाही. कार्यालयानं काठी धरायला जो माणूस पाठवला होता त्याचं लक्ष गर्दीकडे होतं आणि काठी सारखी डुलत होती. गावंडे यंत्राला डोळा लावून तीनदा म्हणाले, "सीधी पकड़ो." चौथ्यांदा म्हणायच्या आत बलकार गर्दीतून पुढे आला आणि त्यानं त्या माणसाच्या हातातून काठी घेतली. मास्तरांपैकी एकजण पुटपुटला, "ओये बलकारे, पागल है?"

दगडाच्या खऱ्या जागेवर त्यानं काठी धरली. मग एकेका घरापाशी. रंगाऱ्याचं, ड्रायव्हरचं, मास्तरांचं. प्रत्येक घरासमोर आकडा लिहिला जात होता. शेवटी तो आपल्या उंबऱ्यावर आला, बूट काढले, आणि काठी उंबऱ्यावर टेकवून उभा राहिला. आत सुरिंदर कौर भिंतीकडे तोंड करून बसली होती.

गावंडे यंत्रात बघत होते आणि बघतच राहिले. मी शेजारी होते. त्यांना दिसत नव्हतं. डोळे भरले की यंत्रातून नुसतं पाणी दिसत असणार. त्यांनी बाहीनं डोळे पुसले, परत वाकले, परत पुसले. समोरून बलकारची हाक आली, कामावर असताना द्यायचा तशीच.

"ले लो साबजी! सीधी है, हिल नहीं रही!"

त्यांनी आकडा घेतला. अठ्ठेचाळीस मीटर वीस सेंटिमीटर.

फेब्रुवारीत घरं पाडली. बिल्डरचा टॉवरही झाला नाही, तेवढं एक. बलकार आणि सुरिंदर कौर आता डेराबस्सीला एका खोलीत भाड्यानं राहतात, त्यांचा मुलगा तिथल्या औषधाच्या कारखान्यात आहे म्हणून. खिडकी उघडली की रसायनाचा वास येतो, म्हणून खिडकी बंदच असते. गावंड्यांनी आपला फ्लॅट त्यांच्या नावावर करायची कागदपत्रं काढली होती. बलकारनं हात जोडले. "साबजी, एक गलती के दो घर नहीं जाते." तरी गावंडे महिन्यातून एकदा जातात. बलकार त्यांच्याजवळ बसतो, जुन्या दगडांच्या गोष्टी काढतो. सुरिंदर कौर आतल्या पडद्यामागून बाहेर यायची नाही. पाण्याचा पेला बलकारच आणायचा.

त्या पाडलेल्या जागेवरही गावंडे जात होते. एप्रिलपासून, उन्हाळा वाढेल तसे जास्तच. कधी एकटे, कधी मला घेऊन. भल्या पहाटे जाऊन ओढ्याच्या वरच्या अंगाला बसायचे आणि वाट बघायचे. मी तीनदा गेले. विटांचे तुकडे, फुटक्या फरश्या, कुणाची तरी लाल बादली, आणि हिरवं काँग्रेस गवत. सकाळ वर यायची, मोर ओरडायचे, कुत्री फिरून जायची. सांबर काही आलं नाही. वाळूत खुराची एक खूणही नव्हती. एकदा परतताना गावंडे म्हणाले, "जनावराचा विश्वास उडाला की बसायला वेळ लागतो." मी म्हटलं, "लागणारच." दुसरं काय म्हणणार?

गेल्या जूनमध्ये आम्ही डेराबस्सीला गेलो तेव्हा बलकार दवाखान्यात गेला होता. दार सुरिंदर कौरनं उघडलं. तिला परत आत जाता येईना आणि आम्हाला परत फिरता येईना. तिनं आम्हाला खाटेवर बसायला सांगितलं आणि स्वतः दाराला टेकून उभी राहिली. बारीक झाली होती. मग तिनं सरळ गावंड्यांकडे बघून विचारलं.

"भाईसाब, जिनके लिए मेरा घर गया, वो आए?"

मी मान खाली घातली. ज्या माणसानं अध्यक्षांसाठी एक खांब सरकवला नाही, जिवलग मित्रासाठी वहीतली एक ओळ फाडली नाही, त्याचं उत्तर मला ऐकायचं नव्हतं.

"आए, भाभी," गावंडे म्हणाले. "तीन थे. दो मादा और एक बच्चा. आपके पेरू के पेड़ के पास खड़े थे, फिर नीचे पानी पीने गए."

पेरूचं झाड घराबरोबरच गेलं होतं. ते तिलाही माहीत होतं, तिच्या डोळ्यांसमोर पाडलं होतं.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग ओढणीनं तोंड पुसून म्हणाली, "बच्चा भी था?"

"हाँ जी. छोटासा."

"चलो," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.